नळी त्यांची, नाव आमचं

आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रायफलीच्या नळीवर आमचं नाव कोरलेलं असतं. अक्षरं बारीक, पण चष्मा न लावता वाचता येतात. गंमत अशी की ती नळी आम्ही बनवलेली नसते. बहुतेक वेळा ती विस्कॉन्सिनमधून आलेली असते. तिच्यामागची ॲक्शन, म्हणजे बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो पोलादी भाग, दुसऱ्याच राज्यातून येतो. ट्रिगर तिसरीकडून, दस्ता चौथीकडून, दुर्बीण बसवायच्या कड्या पाचवीकडून. मोंटानातल्या एका लहान गावात, पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त व्हायचे अशा एका शेडमध्ये, मी आणि माझा भागीदार या पाच-सहा खोक्यांतून एक रायफल उभी करतो.

"मग तू नेमकं बनवतोस काय?" कोल्हापूरला गेलो की हा प्रश्न ठरलेला असतो.

आम्ही सांधे बनवतो. नळीच्या मागच्या टोकाला आटे पाडायचे, म्हणजे ती ॲक्शनमध्ये सरळ आणि घट्ट बसेल. काडतूस जिथे बसतं तो चेंबर रीमरने कापायचा. मग दस्त्यात ॲक्शन इपॉक्सी ओतून अशी बसवायची, की स्क्रू आवळल्यावर पोलादाला कुठेही पीळ पडू नये. अमेरिकेत काडतुसांची आणि चेंबरची मापं ठरवणारी 'सॅमी' नावाची संस्था १९२६ पासून आहे. '.३०८ विंचेस्टर' या काडतुसासाठी तिने हेडस्पेसची मर्यादा १.६३० ते १.६४० इंच अशी दिली आहे. म्हणजे दहा थाऊंची मोकळीक. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. या दहातले एक किंवा दोनच आम्ही वापरतो. गिऱ्हाईक आमच्याकडे पैसे मोजतं ते उरलेल्या आठांसाठी.

कायद्याच्या भाषेत मात्र बंदूक म्हणजे फक्त ती ॲक्शन. नंबर तिच्यावर असतो. ती घ्यायची तर परवाना लागतो, नोंदवही लागते, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला प्रत्येक नगाचा हिशेब द्यावा लागतो. नळी, ट्रिगर, दस्ता हे सगळे 'सुटे भाग'. ते साध्या कुरिअरने दारात येऊन पडतात. पोस्टाच्या गाडीवाल्या बाईंना आमच्या नळ्यांची लांबट नळकांडी आता पाठ झाली आहेत. लांबूनच हात वर करून त्या ओरडतात, "आज दोन आलीत!" आमच्या दुकानात दिवाळी असते ती तेव्हा.

*

माझा जन्म शिवाजी उद्यमनगरातला म्हटला तरी चालेल. आबांचं तिथे दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन असलेलं वर्कशॉप होतं. आधी ऑइल इंजिनांचे सुटे भाग, नंतर पुण्याच्या कंपन्यांचं जॉबवर्क. माल चलनासोबत टेम्पोत जायचा आणि पैसे नव्वद दिवसांनी यायचे, तेही आले तर. मध्येच एखादी डेबिट नोट यायची : इतके नग रिजेक्ट. कशामुळे, ते विचारायची सोय नसायची. कंपनीच्या खरेदी विभागातल्या साहेबांचा फोन आला की आबा खुर्चीवरून उठून उभे राहायचे. फोनवर बोलताना कुणी उठून उभं राहतं, हे मी घरीच पाहिलं.

मी इंजिनिअर झालो, अमेरिकेत आलो, विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काही वर्षं काढली. बायको मोंटानाची, म्हणून या गावात आलो. व्हिसावर असताना इथे, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे ग्रीन कार्ड येईपर्यंत या धंद्याशी माझा काही संबंध नव्हता. ते आल्यावर गावातल्या एका म्हाताऱ्या बंदूकवाल्याकडे शनिवारी-रविवारी जाऊ लागलो. त्याचे हात थरथरायला लागले होते आणि माझे अजून थरथरत नव्हते. दोन वर्षांनी त्याने मला भागीदार करून घेतलं.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला एका बॅरलवाल्याला फोन करायला लावला. आमच्या चार नळ्या अडकल्या होत्या. मी नंबर फिरवला, पलीकडून आवाज आला आणि मी उठून उभा राहिलो. म्हातारा बघत राहिला.

"तू उभा का राहिलास?"

त्याला काय सांगणार?

*

आता थोडं तांत्रिक, पण सोपं आहे. तुमच्या फोनला टाइप-सी चार्जर लागतो. कुणाचाही चार्जर कुणाच्याही फोनला चालतो, कारण एका समितीने बसून माप ठरवलं आहे. बोल्ट-ॲक्शन रायफलींच्या जगात असं एक माप आहे : रेमिंग्टन ७००. हे मॉडेल १९६२ साली बाजारात आलं आणि इतकं खपलं की ट्रिगरवाले, दस्तेवाले, सगळे त्याच्याच मापाचा माल काढू लागले. पुढे इतर कंपन्यांनी स्वतःच्या ॲक्शन आणल्या, त्याही बाहेरून त्याच आकाराच्या. रेमिंग्टन कंपनीने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तिचे तुकडे विकले गेले. आकार मात्र मागे राहिला, आणि आज अर्धा बाजार त्या आकारावर उभा आहे.

फरक एवढाच, की हे माप कुठल्याही समितीने ठरवलेलं नाही. सॅमी काडतुसाचं आणि चेंबरचं माप देते. ट्रिगरची पिन कुठे यावी, ते देत नाही. ज्याने त्याने आपल्या हातातली रायफल मोजून आपापलं ड्रॉइंग काढलं. त्यामुळे '७०० ला बसेल' असं खोक्यावर लिहिलेल्या दोन वस्तू एकमेकींना बसतीलच असं नाही.

एकदा एका नव्या ॲक्शनमध्ये नवा ट्रिगर बसवला तर सेफ्टीचा खटका शेवटपर्यंत जाईना. जायचा, पण टिचकी ऐकू येत नव्हती. दुर्बिणीखाली पाहिलं तर पकड अर्धवट होती. अशी रायफल कुणाच्या खांद्यावर देता येत नाही. ट्रिगरवाल्यांना कळवलं, ते म्हणाले, ॲक्शनचं भोक चुकलंय. ॲक्शनवाल्यांना कळवलं, ते म्हणाले, ट्रिगरचा सांगाडा जाड आहे. आम्ही पिन गेज लावून दोन्ही मोजले, आकृती काढली, मापं लिहिली, दोघांना पाठवली. दोघांचीही मापं त्यांच्या त्यांच्या मर्यादेत होती. दोघंही खरं बोलत होते आणि सेफ्टी लागत नव्हती.

आबांना फोनवर सांगितलं तर ते हसायलाच लागले. "कागदावर समदे पास, आन् इंजिन काय सुरू हुईना! आमच्याकडं हेच की रं. एकाचं बुश दोन थाऊ मोठं, दुसऱ्याची शाफ्ट दोन थाऊ बारीक. मधी मरतोय कोण? फिटर."

पाच आठवडे ती रायफल रॅकवर उभी होती. गिऱ्हाईक रोज आम्हाला फोन करत होतं, त्या दोन कंपन्यांना नाही. त्यांची नावं त्याला ठाऊकही नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. नळीवर नाव आमचं होतं. शेवटी ॲक्शनच्या कारखान्यातल्या एका मशीनिस्ट बाईंनी आमची आकृती नीट वाचली आणि परत फोन केला. "आमचं चूक नाही," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या लॉटमध्ये मी भोक मधोमध घेते." चूक कुणाची हे न ठरवताही काम पुढे नेणारी माणसं असतात. अशा माणसांचे थेट नंबर आम्ही भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवतो.

*

नळीचं प्रकरण वेगळं. चांगली नळी बनवायच्या दोन मुख्य पद्धती. एकीत कार्बाइडचं बटण नळीतून दाबाने ओढतात आणि आतल्या सगळ्या चऱ्या एका फेरीत उठतात. दुसरीत एक छोटी कटर प्रत्येक चरी कापत जाते, एका फेरीत थाऊचाही एक अंश. त्यामुळे एका नळीला शेकडो फेऱ्या लागतात. या कामाला प्रॅट अँड व्हिटनीची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मशीनं अजून काही ठिकाणी चालतात. विस्कॉन्सिनमध्ये बूट्स ओबरमायर नावाचे एक कारागीर या कटरच्या पद्धतीचे गुरू मानले जातात. त्यांच्याकडून शिकलेल्यांनी पुढे आपले कारखाने काढले. घराणंच म्हणा ना! तिथल्या कुणाशी बोललं की गाण्याच्या घराण्यांसारखंच ऐकू येतं : हा त्यांच्याकडे होता, तो याच्याकडून फुटला.

घराणं आलं की रांग आलीच. आमची ऑर्डर सहा नळ्यांची असते, कधी आठ. आमच्या पुढे रांगेत असतात हजार नळ्या मागणारे मोठे कारखाने. त्यांचा खरेदी विभाग असतो, आमचा म्हातारा असतो. आठ महिने म्हणजे आठ महिने. चार महिन्यांनी फोन केला तर आवाज कोरडा होतो. अजिबात केला नाही तर तुमचा कागद खाली जातो. म्हाताऱ्याचा नियम होता : सहा आठवड्यांनी एकदा फोन करायचा आणि नळीबद्दल शेवटी विचारायचं. आधी पाऊस, गुडघा, नातवंडं.

एकदा आलेल्या नळीने पहिल्या तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा मारल्या, आणि गरम झाल्यावर चौथी-पाचवी वर चढत गेली. दुसऱ्या ॲक्शनवर लावून पाहिली, तेच. आत कॅमेरा घातला, दस्ता बदलला, दुर्बीण बदलली, तेच. पोलादात कुठेतरी ताण राहिला होता. कारखान्याने नवी नळी दिली, पण आटे, चेंबर, नाव कोरणं, तपासणी, मिळून दीड दिवसाची मजुरी आमचीच गेली. हा सगळ्या धंद्याचाच रिवाज आहे : हमी पोलादाच्या किमतीची असते, त्यावर झालेल्या कामाची नसते.

मला राग आला होता. म्हातारा शांत होता. आबाही शांत होते. "त्याला पोलाद देणाऱ्यानं त्याची तरी मजुरी दिली असंल का?" त्यांनी विचारलं. "तोबी कुणाचा तरी जॉबवर्कवालाच की."

त्या दिवसापासून मी बॅरलवाल्यांना मोठी पार्टी म्हणायचं सोडलं. त्यांच्या वर पोलादाची गिरणी आहे. तिच्या लेखी ते म्हणजे सहा नळ्यांची ऑर्डर.

*

आता जे सांगायचं आहे, ते इथल्या गिऱ्हाइकांशी मी बोलत नाही.

आमची रांग का लांबते, याचं एक कारण मला ठाऊक आहे. १४ डिसेंबर २०१२ ला कनेक्टिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतरच्या महिन्यांत बंदुकांचा खप पडला नाही, तो उसळला. आता कायदा कडक होईल, मिळतंय तोवर घेऊन ठेवा, म्हणून लोक दुकानांसमोर रांगा लावून उभे राहिले. मी तेव्हा या धंद्यात नव्हतो. म्हाताऱ्याची २०१३ ची वही माझ्याकडे आहे. पानापानावर एकच शेरा : 'नळी नाही. दस्ता नाही. प्रायमर नाही.' मशीनं सगळी दुसऱ्या मालाला लागली होती.

२०२० मी स्वतः पाहिलं. महामारी आली, रस्त्यांवर आंदोलनं झाली, निवडणूक झाली. त्या वर्षी एफबीआयच्या यंत्रणेकडे बंदुकांसाठी होणाऱ्या चौकशांचा आकडा ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेला. तोवरचा विक्रम. आठ महिन्यांच्या नळ्या चौदा महिन्यांवर गेल्या.

आमच्या रायफली हरणं आणि एल्क मारायला किंवा हजार यार्डांवरच्या लोखंडी पाट्यांवर नेम धरायला जातात. वर्षभर वाट पाहून, एका गाडीच्या हप्त्याएवढे नव्हे तर चांगल्या जुन्या गाडीएवढे पैसे देऊन घेतलेल्या असतात. हे सगळं खरं आहे. हेही खरं आहे की माझी मुलगी तिसरीत आहे आणि तिच्या शाळेत दिवे मालवून, बाकांखाली गप्प बसायचा सराव होतो. सरावाच्या दिवशी ती घरी येऊन सांगते की आज कोण हसलं आणि कुणाला बाई रागावल्या. मी ऐकतो. मग दुकानात जातो, गिऱ्हाइकाचा फोन येतो, "माझी कधी होईल?" आणि मी म्हणतो, "बॅरलवाल्याकडे गर्दी आहे." खोटं काहीच नसतं त्यात. गर्दी कशाची, ते त्यालाही ठाऊक असतं. आम्ही दोघंही हवामानावर बोलतो.

बायको एकदा म्हणाली, "सोडून दे." मी म्हटलं, विमानांचे भाग बनवत होतो ती विमानंही काही फक्त प्रवासी नेत नव्हती. तिने उत्तर दिलं नाही. ते उत्तर मला पटलं होतं असंही नाही.

*

आणि मग दस्तेवाला बुडाला.

चांगला माल होता त्यांचा. काचतंतूंचा दस्ता, वजनाला हलका, थंडीत न वाकणारा. त्यांची पद्धत होती : अर्धे पैसे आधी. सगळेच देत होते. आमचे ११ दस्ते मागवलेले होते, त्यांपोटी ४,४०० डॉलर गेले होते. एका शुक्रवारी दोन ओळींचं पत्र आलं की कामकाज बंद. सोमवारी फोन लागेना. नंतर वकिलाचा कागद आला, त्यात येणेकऱ्यांची लांबलचक यादी होती. बँक सर्वांत वर, आम्ही खूप खाली. यादी वाचताना मला उद्यमनगरातली ती दुकानं आठवली, जिथे एखादी कंपनी बंद पडली की संध्याकाळी शटर अर्धं ओढून चार माणसं आत गप्प बसलेली असायची.

४,४०० डॉलर एखाद्या कंपनीला चहापाण्याचा खर्च. आम्हाला दोन महिन्यांचं भाडं, वीज आणि म्हाताऱ्याच्या औषधांचा विमा. त्या अकरा गिऱ्हाइकांच्या करारात आम्ही लिहिलेलं होतं की सुट्या भागांच्या किमती वाढल्या तर फरक त्यांनी द्यायचा. वाक्य आमच्या बाजूचं होतं.

म्हाताऱ्याने अकराही जणांना स्वतः फोन केले. किंमत तीच राहील, दस्ता दुसऱ्याचा येईल, पाच महिने उशीर होईल, नको असेल तर सगळे पैसे परत. दोघांनी पैसे परत घेतले. त्यांतला एक शिवी देऊन. नऊ थांबले. त्यांतल्या एकाने, तो निवृत्त पोस्टमन, विचारलं, "तुमचं किती गेलं?" म्हातारा म्हणाला, "ते आमचं आम्ही बघू." पुढच्या आठवड्यात पोस्टमनने स्वतःची जुनी रायफल आणून दिली : हिची नवी नळी बसवा, घाई नाही, पैसे आत्ताच घ्या. घाई खरंच नव्हती. त्याला नव्या नळीची गरज होती असंही मला वाटलं नाही. कॅमेरा आत घालून पाहिलं तेव्हा जुनी अजून ठीक होती. आम्ही ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तरीही बसवा."

*

लोक विचारतात, मोठे का होत नाही? एक कारण चक्क कायद्यात आहे. इथे १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे रायफलींच्या विक्रीवरचा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनाला जातो. वर्षाला ५० पेक्षा कमी बंदुका बनवणाऱ्याला तो कर माफ आहे. म्हणजे ४९ पर्यंत आम्ही लहान, पन्नासावी बनवली की मोठे. आम्ही चाळिशीच्या आतच असतो. लहान राहिलं तर कर वाचतो, पण रांगेत शेवटचे. मोठं झालं तर रांगेत वर, पण मग म्हाताऱ्याच्या पेन्सिलीच्या जागी खरेदी विभाग आणावा लागेल. आणि मग माझा फोन गेला की पलीकडे कुणीतरी उठून उभं राहील.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. आबांचा फोन आला तेव्हा मागे फटाके वाजत होते. "तुझ्यातली बंदूक न्हवती न्हवं ती?" मी सांगितलं, आबा, ती वेगळी, .२२ ची, युरोपातले मोठे कारखाने बनवतात. "आसंना," ते म्हणाले. "पन त्या कारखान्यालाबी ट्रिगरची स्प्रिंग कुणीतरी देतच आसंल. त्येचं नाव कुठं येतंय?"

या वर्षापासून आम्ही गिऱ्हाइकाला रायफलीसोबत एक कागद देतो. नळी कुणाची, पोलादाचा लॉट कुठला, ॲक्शन कुणाची, ट्रिगर कुणाचा, दस्ता कुणाचा, चेंबर कोणत्या रीमरने कापला, हेडस्पेस किती आलं. बहुतेक जण तो न वाचता घडी करून पेटीत टाकतात. एक प्रत मी त्या त्या कारखान्याला पाठवतो. ॲक्शनच्या कारखान्यातल्या त्या मशीनिस्ट बाईंनी आमचा पहिला कागद त्यांच्या मशीनच्या बाजूला चिकटवून ठेवलाय, असं त्यांनी परवा फोनवर सांगितलं. मग गुडघा, पाऊस, मुलांच्या शाळा झाल्या. ॲक्शन कधी येतील ते मी शेवटी विचारलं.

"नोव्हेंबर," त्या म्हणाल्या. म्हणजे जानेवारी. बसल्या बसल्याच मी वहीत जानेवारी लिहिलं.